रगडा नको, मग काय?

पत्र

मॅडम, मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. यंदा आमच्या कॉलेजच्या एनसीसी युनिटची सिनियर अंडर ऑफिसर (एस.यू.ओ.), म्हणजे कॅडेटांमधली सगळ्यांत वरची, झाले. फर्स्ट इयरची एक कॅडेट सतत उशिरा येते, बुटांना पॉलिश नसतं, स्क्वाडमध्ये बोलते. एका रविवारी माझा संयम सुटला. चाळीस जणांसमोर मी तिला म्हटलं, 'एवढा त्रास होत असेल तर घरी बस, तुझी जागा दुसऱ्याला मिळेल.' ती रडली आणि पुढच्या परेडला आलीच नाही. ए.एन.ओ. सर, म्हणजे युनिट सांभाळणारे आमचे प्राध्यापक, म्हणतात, 'तुझ्या पातळीवर मिटव, जरा समजावून सांग.' समजावायचं म्हणजे नक्की काय करायचं? गोड बोललं की हे डोक्यावर बसतात. माझ्याच बॅचचा सार्जंट म्हणतो, रगडा, म्हणजे अंग मोडणारी शिक्षा, दिल्याशिवाय कोणी सरळ होत नाही. तो ज्युनिअर्सना चिखलात फ्रंट रोल मारायला लावतो, आणि खरं सांगते, त्याच्या वेळी सगळे वेळेवर येतात. माझंच काही चुकतंय का?

– एक एस.यू.ओ., सातारा जिल्हा

उत्तर

प्रिय एस.यू.ओ.,

सरांनी तुला काम दिलं, पण ते कसं करायचं हे सांगितलं नाही. बहुतेक युनिटांत असंच चालतं. बटालियनचे हवालदार येऊन तुला ड्रिल शिकवतात, रायफल खोलायला-जोडायला शिकवतात, नकाशा वाचायला शिकवतात. पण चुकणाऱ्या माणसाला बाजूला घेऊन बोलायचं कसं, याचा सराव कोणी करून घेत नाही. एक दिवस खांद्यावर रँक चढते आणि आदल्या वर्षीच्या एस.यू.ओ.ने जे केलं तेच आपण करू लागतो. त्याने ओरडून चालवलं असेल तर आपणही ओरडतो.

आधी त्या मुलीचं बघू. तुझ्या पत्रात तिच्या तीन चुका आहेत, कारण मात्र एकाही चुकीचं नाही. ती कुठून येते? तुमचं फॉल-इन, म्हणजे परेडसाठी रांगेत उभं राहणं, सकाळी सातचं असेल, तर तिच्या गावाहून रविवारी पहिली एस.टी. किती वाजता निघते? शाळा-कॉलेजच्या वेळेला धरून सोडलेल्या कितीतरी गाड्या रविवारी नसतातच, हे तुला सांगायला नको. बूट तिच्या मापाचे आहेत का? स्टोअरमधून बूट वाटले जात असतील, तर फर्स्ट इयरच्या वाट्याला उरलेली मापं येतात. पाच नंबरच्या पायाला सात नंबरचा बूट मिळाला, तर दोन मोजे घालून चालावं लागतं, टाचेला फोड येतात, आणि मग त्या बुटाला कोणी प्रेमाने पॉलिश करत बसत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुरुष इन्स्ट्रक्टरला कधीच कळत नाही, कारण ती कोणी सांगत नाही. पाळीच्या दिवशी, पोटात काही नसताना, दीड तास उन्हात सावधानमध्ये उभं राहणं म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. सरांनी हे काम तुझ्याकडे दिलं त्याचा हा एक फायदा आहे. ते तुझ्याकडे नाइलाजाने दिलं असलं तरी.

कदाचित यातलं काहीच नसेल. ती आळशी असेल, रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत असेल. असतात अशीही मुलं. पण ते तुला अंदाजाने कळणार नाही, विचारूनच कळेल.

विचारायचं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

आमच्या बटालियनला एक सुभेदार होते. मैदानावर त्यांचा आवाज दोन इमारतींपलीकडे जायचा, पण कुणा एका कॅडेटला नाव घेऊन झापलेलं मी कधी ऐकलं नाही. परेड सुटली की ते कामाच्या निमित्ताने एखाद्याला हाक मारायचे. 'चल रे, रजिस्टर घेऊन ये माझ्याबरोबर.' मैदान ओलांडून स्टोअरपर्यंत दोघं चालत जायचे. वाटेत ते डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरायचे आणि पोरालाही काढायला लावायचे. फौजेत डोक्यावर टोपी नसली की सॅल्यूट होत नाही. टोपी उतरली की समोरच्याला कळतं, आता हुकूम नाहीये, बोलणं आहे. समोरासमोर उभं राहायचंच नाही. बाजूने चालायचं, नाहीतर हाताला काहीतरी काम द्यायचं. एकदा दोघं बेल्टची पितळं मोजत बसले होते, मी हजेरीपट घ्यायला गेले होते. सुभेदार मोजता मोजता एवढंच म्हणाले, 'दोन रविवार झाले, तू फॉल-इननंतर आलास. काय झालं?' आणि गप्प बसले. पोरगंही गप्प. मला ती शांतता अवघड होऊन मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी हाताने मला थांबवलं. मग पोरगं बोललं. वडील आजारी होते, आणि सकाळचं दूध डेअरीत घालायचं काम त्याच्यावर आलं होतं.

यातल्या प्रत्येक गोष्टीची नक्कल तू करू शकतेस. जागा अशी निवड की लोकांना तुम्ही दिसाल, पण ऐकू येणार नाही. बंद खोलीत नको, आणि समोर मुलगा असेल तर अजिबात नको. वेळ परेडनंतरची, तीही नाश्ता झाल्यावर. भुकेल्या माणसाला सुधारायला जाऊ नये. बोलायचं एकाच चुकीबद्दल. तुझ्या डोक्यात तिच्या तीन चुका आहेत. त्यातली उशिराची धर, बूट आणि बडबड बाजूला ठेव. तिन्ही एकदम काढल्यास की तिला फक्त एवढंच ऐकू जाईल, 'मी मॅडमना आवडत नाही.' आणि जे बोलशील ते घडलेलं बोल. 'तू कायम उशिरा येतेस' म्हणालीस की ती लगेच म्हणेल, 'कायम कुठे? पंधरा ऑगस्टला मी सगळ्यांत आधी आले होते.' झालं, शब्दाने शब्द वाढला. त्याऐवजी 'मागच्या दोन रविवारी फॉल-इन सातला झालं, तू पावणेआठला आलीस' एवढं म्हण. यात वाद घालायला जागाच नाही. 'तुझ्यात शिस्तच नाही', 'तुझ्या घरी काही शिकवलं नाही का', ही वाक्यं तोंडातून काढायची नाहीत. घर तर मुळीच काढायचं नाही. गावाकडची मुलगी बाकी सगळं विसरेल, ते वाक्य विसरणार नाही.

कारण कळलं की उपाय तिलाच विचार. 'मग काय करता येईल?' गाडीच नसेल तर ती म्हणेल, आदल्या रात्री हॉस्टेलवर मैत्रिणीकडे राहते. किंवा म्हणेल, मी साडेसातलाच पोहोचू शकते. दुसरं म्हणाली तर हा प्रश्न तुझ्या हातातला राहिला नाही. तो सरांपर्यंत ने आणि तिला तसं सांगून ने. रविवारची परेड अर्ध्या तासाने पुढे सरकवणं ही काही क्रांती नाही. आळस असेल, तर उपाय तिच्या तोंडून आलेला बरा. स्वतः ठरवलेलं मोडताना माणसाला जरा तरी लाज वाटते.

हजेरीचा हिशेब तिच्यासमोर मांड, पण धमकी म्हणून नको. एनसीसीच्या बी सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायचं तर परेडची 75 टक्के हजेरी लागते, आणि एक कॅम्पही. त्यापुढच्या सी सर्टिफिकेटला दोन कॅम्प. फर्स्ट इयरला हे कोणी नीट सांगितलेलं नसतं. तिसऱ्या वर्षी फॉर्म भरताना कळतं, आणि तेव्हा ए.एन.ओ.च्या केबिनबाहेर आईवडील उभे असतात. वहीत बघून सांग, 'इतक्या परेड झाल्या, इतक्यांना तू होतीस, आणखी इतक्या चुकल्या तर बसता येणार नाही.' पुढे फौजेत अधिकारी व्हायची इच्छा असेल तर सी सर्टिफिकेटवर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एस.एस.बी.ची, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाची, मुलाखत मिळते, आणि ती मुलींनाही खुली आहे, हेही तिच्या कानावर घाल. नुकसान सांगताना फायदा सांगायला आपण विसरतो.

झालेलं बोलणं एका ओळीत लिहून ठेव. तारीख, काय ठरलं, बस्स. ती वही तुझी. व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकायचं नाही. 'आजचे लेट कमर्स' अशी यादी नावांसकट ग्रुपवर टाकायची फॅशन मी हल्ली बघते, वर डोळे वटारलेले इमोजी. मैदानावर झापलं तर चाळीस जण ऐकतात आणि अर्ध्या तासात विसरतात. ग्रुपवरचं रात्री अंथरुणात पडून पुन्हा पुन्हा वाचलं जातं. वर स्क्रीनशॉट आहेतच.

पुढच्या रविवारी ती वेळेवर आली तर मुआयना करताना तिच्यासमोर क्षणभर थांब, मान हलव, पुढे जा. भाषण नको. नाही आली तर पुन्हा बोल, या वेळी जे.यू.ओ.ला (ज्युनिअर अंडर ऑफिसरला) बरोबर घेऊन, वही उघडून. तिसऱ्यांदा तीच गत असेल तर सरांकडे ने. तेव्हा तुझ्या हातात तारखा असतील. 'सर, ही ऐकतच नाही' एवढंच म्हणून केबिनमध्ये शिरावं लागणार नाही. सरांनी 'तुझ्या पातळीवर मिटव' म्हटलं याचा अर्थ सगळं तिथेच मिटतं असा नाही. काही गोष्टी तर पहिल्याच दिवशी वर न्यायच्या: अंगाला हात लावल्याची तक्रार, दारू, चोरी, मारामारी. आणि कोणी 'जगावंसंच वाटत नाही' असं म्हटलं तर तिथे समजावत बसायचं नाही. त्या मुलाला किंवा मुलीला एकटं सोडू नकोस, सरांना त्याच तासाला कळव, टेली-मानसचा 14416 हा नंबर लावून दे. ती चोवीस तासांची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

'गोड बोललं की डोक्यावर बसतात' हे तुझं वाक्य मात्र अर्धंच खरं आहे. वर सांगितलेल्यात गोड काय आहे? तारीख आणि वेळ तोंडावर सांगितली, कारण विचारलं, पुढचा शब्द घेतला, आणि तो पाळला की नाही हे बघितलं. यातलं शेवटचं काम चुकलं की डोक्यावर बसतात. तुझा आवाज किती वर गेला यावर ते फारसं अवलंबून नसतं. ओरडायचंच असेल तर त्याची जागा आहे: फायरिंग रेंज. पॉइंट टू टू रायफलची नळी कोणी गंमत म्हणून शेजाऱ्याकडे वळवली तर तिथे बाजूला घेऊन चालत बिलत जायचं नाही. तिथे असेल तेवढा आवाज लाव, चारचौघांचा विचार करू नकोस.

आता सार्जंट. तू त्याला पत्राच्या शेवटी, जाता जाता आणलंस, आणि 'त्याच्या वेळी सगळे वेळेवर येतात' असं म्हणून थोडं कौतुकही करून टाकलंस. मला विचारशील तर तुझ्या युनिटमधलं ज्याच्याशी बोलणं सगळ्यांत आधी व्हायला हवं, तो हा आहे. फर्स्ट इयरची मुलगी पंचेचाळीस मिनिटं उशिरा येते, यात नुकसान झालं तर तिचं. तो मुलगा करतोय त्यात दुसऱ्याचा मणका जाऊ शकतो.

2023 च्या ऑगस्टमधला ठाण्याचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला असेल. भर पावसात, चिखलात डोकं टेकवून ओणवे झालेले कॅडेट, आणि मागून काठीने मारणारा त्यांचाच एक सिनियर विद्यार्थी. खिडकीतून कोणीतरी चित्रण केलं आणि ते राज्यभर फिरलं. त्या मुलालाही आदल्या दिवसापर्यंत वाटत असेल की आपल्या वेळी सगळे वेळेवर येतात.

तुझा सार्जंट म्हणेल, 'फौजेत असंच असतं.' त्याला 1950 चा लष्कर कायदा उघडून कलम 47 वाचायला सांग. हाताखालच्या माणसावर हात टाकणं किंवा त्याला वाईट वागणूक देणं हा तिथे कोर्ट मार्शलचा गुन्हा आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत कैदेची. हे बंधन अधिकाऱ्यालाही आहे आणि हवालदार-नाईकालाही. फौजेच्या नावाने तो जे करतोय, ते फौजेच्याच कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलंय. आणि कॅडेट तर सैनिकही नाहीत. एनसीसी 1948 च्या कायद्याने उभी राहिली, त्यात येणं ऐच्छिक आहे, आणि पुढे फौजेत जायचं बंधन कुणावर नाही. कॉलेजच्या आवारात ज्युनिअरला असा त्रास दिला तर त्याला लागू होतो 1999 चा महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरला तर कॉलेजातून हकालपट्टी, पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. लेखी तक्रार आली की प्राचार्यांना सात दिवसांत चौकशी करावी लागते, आणि त्यांनी टाळाटाळ केली तर तेही अडचणीत येतात. वर्दी घातलेली होती, ही सबब तिथे चालत नाही.

त्याच्याशीही बाजूला घेऊनच बोल. तो तुझा बॅचमेट आहे, त्यामुळे हे जास्त जड जाणार. दोन वर्षं एका ताटात खाल्लेलं असतं, बरोबर कॅम्प काढलेले असतात, आणि तुला वरची रँक मिळाली, त्याला नाही, हेही मनात असतंच. त्याला आधी त्याचं चांगलं काय आहे ते सांग, पण खरं असेल तेच. त्याचं ड्रिल चांगलं असेल, वर्ड ऑफ कमांड खणखणीत असेल. मग सरळ सांग: 'फ्रंट रोल, कोंबडा, चिखल, सगळं आजपासून बंद. एखाद्याचं ड्रिल कच्चं असेल तर परेड सुटल्यावर वीस मिनिटं तू त्याच्याकडून तेच ड्रिल करून घे. पितळ चकाकत नसेल तर पुढच्या रविवारी आपल्या सेक्शनची पितळं तपासायचं काम त्याच्याकडे दे.' चुकीला जोडलेलं काम द्यायचं, अंग मोडायचं नाही. आणि एक जण उशिरा आला म्हणून अख्ख्या स्क्वाडला धावायला लावणं तर पहिल्यांदा थांबव. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, यातून फक्त त्या एकाचा द्वेष तयार होतो. शिक्षा द्यायचा अधिकार त्याला नाही, तुलाही नाही, तो ए.एन.ओ. आणि बटालियनचे सी.ओ. (कमांडिंग ऑफिसर) यांच्याकडे. आपल्याला परेड चालवायची जबाबदारी मिळालीय, त्यात हा अधिकार गृहीत धरायचा नसतो.

ऐकलं तर उत्तम. हसण्यावारी नेलं, किंवा पुढच्या परेडला पुन्हा तेच दिसलं, तर दुसऱ्या फेरीची वाट बघू नकोस. त्याच दिवशी सरांना सांग, आणि तोंडी सांगून झालं की दोन ओळी लिहून दे. मैत्री तुटेल, कदाचित. तो चुगलखोर म्हणेल. पण तू समोर उभी असताना कुणाला इजा झाली तर चौकशीत पहिला प्रश्न तुलाच येईल, आणि तो रास्त असेल.

राहता राहिली तुझी ती रविवारची ओरड. ज्या मुलीला तू चाळीस जणांसमोर 'घरी बस' म्हणालीस तिला एकटीला गाठून 'सॉरी हं' म्हणून भागणार नाही. चाळीस जणांनी ते ऐकलंय. आधी तिला फोन कर. मेसेज नको, फोनच कर. म्हण, 'मी बोलले ते चुकीचं बोलले. रविवारी ये, आपण बोलू.' ती आली की फॉल-इननंतर, परेड स्टेट, म्हणजे हजेरीचा आकडा, देण्याआधी, सगळ्यांसमोर एकच वाक्य: 'मागे मी हिला घरी बस म्हणाले, ते मी म्हणायला नको होतं.' पुढे 'पण तीही उशिरा आली होती' असं जोडायचं नाही. मग तेज चल. तिच्या उशिराबद्दल काय बोलायचं ते नाश्त्यानंतर, स्टोअरपाशी. आणि स्टोअरपाशी जातेच आहेस, तर तिच्या बुटाचा नंबर बघ, लहान मापाचा जोड कुठे असेल तर त्याच दिवशी बदलून दे.